पिकअपच्या खालचा खडखडाट



एका गटाकडून प्रश्न आला आहे. गटाची पिकअप रेस दिली की खालून खडखडते आणि पाय काढला की गप्प बसते. मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल. काय करावं? भाजीची गाडी आहे, आठवड्याचे दोन बाजार आहेत आणि बँकेचा हप्ता आहे. गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही. म्हणून आज फक्त या आवाजाबद्दल बोलू.

आमचं सांगणं असं की, काहीही खोलायच्या आधी आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, एवढं नीट बघून घ्या. त्यासाठी पाना लागत नाही. ड्रायव्हरदादाला सोबत घ्या, एक मोकळी सपाट जागा बघा आणि कान उघडे ठेवा. विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग गेलंय हे आपण बांधावरून ओळखतो, मग गाडीला काय घाबरायचं?

आधी गाडीची मागची बाजू रिकामी करा. फाळक्याची कडी आणि साखळी, जॅकचा दांडा, खाली लटकवलेली स्टेपनी, ताडपत्रीचे हूक, सगळं हाताने हलवून बघा. हसू नका. स्टेपनीची साखळी सैल असली तरी आवाज थेट इंजिनाखालून आल्यासारखा वाटतो, कारण पत्रा सगळीकडे आवाज वाहून नेतो.

आता रेस दिल्यावरच आवाज का, ते समजून घेऊ. इंजिन चासीला थेट आवळलेलं नसतं, ते रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं. त्यांना माउंटिंग म्हणतात. रेस दिली की इंजिन जोराने एका अंगाला कलतं. सायलेंसरची नळी इंजिनालाच जोडलेली, म्हणून तीही हलते. गाडी गिअरमध्ये असेल तर तो जोर गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टने मागच्या चाकांकडे जातो. या वाटेवर जिथे ढिलाई असेल, तिथे धातूवर धातू आपटतो.

म्हणजे दोन वाटा झाल्या, आणि आपल्याला आधी एवढंच ठरवायचं आहे की आवाज कुठल्या वाटेवरचा. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. समोर आणि मागे कोणी उभं राहायचं नाही. इंजिन चालू असताना गाडीखाली डोकं घालायचं नाही, पदर आणि ओढणी खोचून घ्यायची. आता दादाला सावकाश रेस वाढवायला सांगा. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, तोच खडखडाट आला तर लांब शाफ्टचा संशय सोडून द्या, कारण शाफ्ट फिरतच नाहीये. दोष इंजिन, माउंटिंग किंवा सायलेंसरच्या बाजूला आहे. याच वेळी दादाला एकदा क्लच दाबायला सांगा. क्लच दाबल्यावर आवाज थांबला किंवा बदलला तर मात्र क्लच-गिअरबॉक्सकडे बघावं लागेल, आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं असू शकतं.

उभ्या गाडीत येणारा, पातळ, पत्र्यासारखा आवाज असेल तर आम्ही आधी एकाच गोष्टीकडे बोट दाखवू. सायलेंसरच्या नळीवर ठिकठिकाणी पातळ पत्र्याचं कवच असतं, नळीची उष्णता वरच्या भागांना लागू नये म्हणून. पावसाने, चिखलाने त्याचे बोल्ट गंजतात आणि कवच सैल होतं. मग ते ठरावीक रेसलाच वाजतं. घरातला मिक्सर आठवा. दोनवर फिरवला की मांडणीवरच्या ताटल्या थरथरतात, तीनवर नेला की गप्प होतात. तसंच हे. त्यामुळे आवाज कमी-जास्त रेसला येतो-जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं इंजिनच गेलं.

तपासायला गाडी पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे सकाळी, सुरू करायच्या आधी. सायलेंसर तापलेला असताना हात लावला तर कातडी निघते. थंड नळीवर आणि कवचावर मुठीने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोका. सैल पत्रा लगेच तसाच खणखणतो. नळीला धरून ठेवणारी रबरं तुटली आहेत का, क्लॅम्प ढिला आहे का, तेही बघा. पत्रा सैल निघाला तर मोठी पोलादी होज क्लिप नळीभोवती आवळून तो बसवता येतो, ते काम छोट्या खर्चाचं आहे. काही जण सांगतात, काढून टाका तो पत्रा, कटकट गेली. काढू नका. कडब्यावर, पाचटावर, वाळल्या गवतावर आपल्या गाड्या उभ्या राहतात, आणि उघड्या तापलेल्या नळीखाली वाळकं गवत पेट घेऊ शकतं.

नळीवरच्या डब्यावर ठोकल्यावर आत खडे असल्यासारखं वाजलं तर गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम देशभर लागू झाला. त्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारे डबे असतात आणि आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती फुटली तर तुकडे आत फिरतात, धुराची वाट अडते, गाडी चढाला दमते. हे घरी दुरुस्त होत नाही.

आता दुसरी वाट. उभ्या गाडीत काहीच वाजत नाही, गिअर टाकून ओझं ओढताना मात्र वाजतं. इथे काळजी जास्त.

ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटरला फिरवणारा शाफ्ट तुम्ही पाहिला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा जो जोड असतो, त्याला मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. पिकअपच्या पोटाखालच्या लांब शाफ्टलाही तसेच क्रॉस असतात. खड्ड्यात मागची चाकं वरखाली झाली तरी शाफ्ट वाकून फिरत राहावा, हे त्यांचं काम. क्रॉसच्या टोकांत सुईसारखे बारीक रोलर असतात. ग्रीस संपलं की ते झिजतात, आणि टोपीभोवती लालसर गंजाची भुकटी दिसू लागते. सुरुवातीला हळू वेगात चिर्र-चिर्र असा पाखरासारखा आवाज येतो. पुढे क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पुढचा गिअर टाकताना एकच ‘टक्’ ऐकू येतो. त्यानंतर खडखड आणि सीटखाली थरथर. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. ते रबर फाटलं की भरलेली गाडी जागची हलताना खाली धडधडतं.

हे बघायची रीत अशी: इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. मग शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळून बघायचा. क्रॉसच्या जोडात खेळ दिसला, म्हणजे एक बाजू फिरली आणि दुसरी मागाहून आली, तर क्रॉस गेला. मागच्या पाट्यांचे यू-बोल्टही तेव्हाच बघून घ्या. ते ढिले असले तर रेस देताना सगळा मागचा आस किंचित पिळवटतो आणि ठोका बसतो.

चालत्या गाडीत अजून एक करता येतं. मोकळ्या रस्त्यावर २० ते ३० च्या वेगात दादाला क्षणभर क्लच दाबायला सांगा. उतारावर हे करू नका. इंजिनाचा जोर सुटताच आवाज थांबला, तर ओढ पडणारा भाग वाजतोय. चाकाच्या गतीने चालूच राहिला, तर शाफ्ट, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेककडे बघा. लांब भिंतीच्या कडेने हळू चालवलं तर भिंतीवरून आवाज परत येतो आणि पुढचा की मागचा ते कळतं. आणि हे सगळं एकदा रिकाम्या आणि एकदा भरल्या गाडीत करा. ओझ्याने पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो. म्हणूनच बाजाराच्या दिवशी वाजणारी गाडी गॅरेजच्या दारात मुकी होते, आणि बायकांना काहीतरी वाटत असतं असं ऐकून घ्यावं लागतं.

त्यावर उपाय म्हणजे गाडीची वही. बैठकीचं इतिवृत्त लिहितो तशी. तारीख, किलोमीटर, भरलेली की रिकामी, थंड की तापलेली, कितव्या गिअरला, न्यूट्रलमध्ये येतो का. फोनवर आवाज भरून ठेवा. मिस्त्रीदादाला ‘गिअरबॉक्स बघा’ असं भागाचं नाव सांगू नका. ‘न्यूट्रलमध्ये येत नाही, दुसऱ्या गिअरला चढावर येतो, पाय काढला की थांबतो’ असं सांगा. आमचा अनुभव आहे, चांगला मिस्त्री यावर खूश होतो. तो शेजारी बसून एक फेरी मारायला तयार आहे का, विचारा. खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा.

जड ठोके आणि थरथर एकदम वाढली तर मात्र वही-बिही नाही. माल दुसऱ्या गाडीत टाका आणि गाडी जागेवरच ठेवा. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं तर ते जमिनीत रुतून चालती गाडी उचलू शकतं. आणि शाफ्ट सुटलेली किंवा काढलेली गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी ती गिअरवर थांबत नाही, कारण इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. हँडब्रेक ओढा, आणि चारही चाकांना दगड लावल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ देऊ नका.