सिकलसेलचं कार्ड मिळालं म्हणून नोकरी जाते का? विमा नाकारतात का? कायदा काय सांगतो ते वाचा

गडचिरोली : आशाताई तपासणीला बोलावतात, पण घरातली तरणी पोरं जायला तयार होत नाहीत. रिपोर्टमध्ये सिकलसेल निघाला तर नोकरी लागणार नाही, विमा मिळणार नाही, लग्न जमणार नाही, ही भीती. कार्ड मिळालं तरी बरेच जण ते पेटीत तळाशी लपवून ठेवतात. या भीतीपायी उपचार राहून जातो आणि हक्काचे पैसेही बुडतात. म्हणून कायदा कुठे पाठीशी आहे आणि कुठे तोकडा पडतो, हे माहीत असणे गरजेचे आहे.

आधी फरक समजून घ्या

सिकलसेल हा आईबापाकडून रक्तात येणारा आजार आहे. तो शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलं असेल तर तो माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, शेतीची कामंही तो इतरांसारखीच करतो. ‘एसएस’ लिहिलं असेल तर तो रुग्ण. दोघेही नवरा-बायको वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. कार्ड देण्यामागे हेच कारण आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे.

नोकरीचं काय?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तिन्ही आजार आहेत. या कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी कार्यालयाला नोकरीत दिव्यांग माणसाशी भेदभाव करता येत नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. सरकारी नोकरीतले ४ टक्के दिव्यांग आरक्षण रक्ताच्या आजारांना लागू नाही. कॉलेज प्रवेशातल्या ५ टक्के जागांसाठी मात्र ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेला सिकलसेल रुग्ण अर्ज करू शकतो.

दुसरी गोष्ट वाहकांची. वाहक हा रुग्णच नाही, म्हणून त्याला दिव्यांगाचे प्रमाणपत्र नाही आणि त्या कायद्याचे कवचही नाही. सरकारी भरतीत तो संविधानाच्या कलम १४ आणि १६ मधल्या समानतेच्या हक्कावर दाद मागू शकतो. खासगी कंपनीने नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून वाहकाला घेतले नाही, तर त्याला थेट लागू होईल असा वेगळा कायदा आपल्या देशात अजून नाही.

अमेरिकेत असा कायदा २००८ साली झाला. १९७० च्या दशकात तिथे काही राज्यांनी सिकलसेलची तपासणी कृष्णवर्णीयांवर सक्तीची केली होती. धडधाकट वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. त्या अनुभवाचा उल्लेख २००८ च्या कायद्यातच आहे. या कायद्याने मालकाला आणि आरोग्य विमा कंपनीला जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घातली. जीवन विमा मात्र त्यातून सुटला.

विम्याचं काय?

इथे परिस्थिती बरी आहे. दिल्लीतल्या एका ग्राहकाचा हृदयाच्या आजाराचा क्लेम, हा आजार जनुकीय आहे म्हणून कंपनीने फेटाळला होता. त्यावर दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले, की सरसकट जनुकीय आजार वगळणे हा भेदभाव आहे. पुढे या निकालाच्या काही भागाला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. पण २०१९ मध्ये आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनेच नियम केला, की आरोग्य विम्यात जनुकीय आजार कायमचे वगळण्याची अट घालता येणार नाही.

पॉलिसी घेण्याआधीच आजार असेल तर कंपनी काही काळ थांबायला लावू शकते. २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. कंपनी जास्त हप्ता लावू शकते, हेही ध्यानात ठेवा.

एजंट म्हणेल, “लिहू नका, कोण बघतंय?” त्याचं ऐकू नका. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं तेच लिहा. लपवलं आणि नंतर सापडलं तर क्लेम जातो, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत आणि जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. त्यासाठी आयुष्मान कार्ड काढून ठेवा.

नाकारलं तर काय करायचं?

१. तोंडी उत्तर घेऊ नका. नोकरी असो की क्लेम, नाकारण्याचे कारण लेखी मागा.

२. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज द्या, पोच घ्या. सोबत १५५२५५ या नंबरवर आयआरडीएआयकडे तक्रार नोंदवता येते.

३. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवे.

४. रुग्णाने जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

आणि तपासणी टाळू नका. न तपासल्याने आजार जात नाही. रुग्ण असल्याचा कागद हातात नसेल, तर यातला एकही हक्क मागता येत नाही.