तेलाविना रोहित्र: इमारतींतील विजेला इपॉक्सीचे कवच

दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क भागात असलेल्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी दुपारचा खेळ सुरू असताना तळमजल्यावरील रोहित्राने पेट घेतला. त्याच दिवशी सकाळी या रोहित्राची दुरुस्ती करण्यात आली होती. केबलची जोडणी सैल राहिल्याने ठिणग्या उडाल्या, रोहित्राच्या रेडिएटरला भोक पडले आणि त्यातून वाहू लागलेले तेल पेटले. आग वाहनतळातील मोटारींपर्यंत पोहोचली आणि धूर वर बाल्कनीत शिरला. ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले. मृतांपैकी बहुतेकांचा अंत गुदमरून झाला.

या दुर्घटनेच्या जबाबदारीचा वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयांत चालला. अभियंत्यांसमोरचा प्रश्न मात्र निराळा होता. माणसांची सतत वर्दळ असलेल्या इमारतीच्या पोटात शेकडो लिटर ज्वलनशील तेल ठेवणे टाळता येणार नाही काय? टोलेजंग निवासी इमारती, रुग्णालये, व्यापारी संकुले आणि भुयारी मेट्रो स्थानके यांत आज सर्रास बसविली जाणारी 'कास्ट रेझिन' रोहित्रे हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

तेल कशासाठी?

रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, ही तत्त्वतः साधी रचना आहे. पोलादी पत्र्यांच्या गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून बदलती वीज वाहू लागली की, गाभ्यात चुंबकीय प्रवाह निर्माण होतो आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. वेढ्यांच्या संख्येतील गुणोत्तरानुसार विजेचा दाब चढतो किंवा उतरतो. रस्त्याखालच्या केबलमधून ११ हजार व्होल्टने आलेली वीज घरातील दिव्यांना आणि उद्वाहनाला चालेल अशा दाबावर आणण्याचे काम हेच रोहित्र करते.

हे काम करताना दोन अडचणी येतात. एक म्हणजे उच्च दाबाचे वेढे एकमेकांपासून आणि गाभ्यापासून विद्युतदृष्ट्या अलग राखावे लागतात. दुसरी म्हणजे तारांत आणि गाभ्यात सतत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढावी लागते. खनिज तेल ही दोन्ही कामे उत्तम करते. ते वेढ्यांवरील कागदात मुरते, कानाकोपऱ्यात शिरून हवेला हुसकावते, आणि तापले की वर चढून रेडिएटरमध्ये निवते. शिवाय ते स्वस्त आहे. म्हणूनच शतकाहून अधिक काळ तेलाचे स्थान अढळ राहिले.

दोष एकच, पण गंभीर. हे तेल सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की, त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. रोहित्राच्या आत विजेची ठिणगी पडल्यास तेलाचे विघटन होऊन हायड्रोजन व ॲसिटिलीन असे ज्वलनशील वायू तयार होतात. दाब वाढून टाकी फुटण्याचा धोका असतो.

यावर पूर्वी एक उपाय निघाला होता. १९३० च्या दशकापासून इमारतींतील रोहित्रांत 'पीसीबी' नावाची क्लोरिनयुक्त, सहजी न पेटणारी द्रव्ये वापरली जाऊ लागली. पुढे ही द्रव्ये निसर्गात वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात, हे उघड झाले. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे १९८१ च्या फेब्रुवारीत एका सरकारी इमारतीत आग लागली आणि पीसीबीयुक्त काजळी मजल्यामजल्यांवर पसरली. साफसफाई होऊन ती इमारत पुन्हा खुली होण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागला. आग टळावी म्हणून वापरलेले द्रव्यच विष ठरले.

राळेचे कवच

तेलही नको आणि पीसीबीही नको, तर वेटोळेच घन पदार्थात बंद का करू नये? हा विचार प्रत्यक्षात येण्यासाठी योग्य पदार्थ हवा होता. तो इपॉक्सी रेझिनच्या, म्हणजे एका कृत्रिम राळेच्या रूपाने मिळाला. घरोघरी फुटक्या वस्तू जोडण्यासाठी दोन नळ्यांतील लगदा एकत्र कालवून वापरतात, तो याच कुळातला. एका नळीत राळ, दुसरीत ती घट्ट करणारे हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांच्या रेणूंचे जाळे विणले जाते आणि दगडासारखा कठीण, पुन्हा कधीही न वितळणारा पदार्थ तयार होतो. १९६० च्या दशकात जर्मनीत अशा राळेत ओतलेल्या वेटोळ्यांची रोहित्रे बाजारात आली आणि पुढे जगभर पसरली.

रोहित्राच्या राळेत आणखी एक घटक असतो: गारगोटीची, म्हणजे सिलिकाची, बारीक पूड. मिश्रणाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा या पुडीचाच असतो. त्यामुळे जळण्याजोगा भाग कमी होतो आणि उष्णता बाहेर पडणे सुकर होते. काही उत्पादक त्यात ॲल्युमिनियमचे असे संयुग मिसळतात, जे आगीत तापल्यावर पाणी सोडते आणि ज्वाळा विझविण्यास मदत करते.

संपूर्ण रोहित्र राळेत बुडविले जाते, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात गाभा उघडाच राहतो. प्रामुख्याने उच्च दाबाची वेटोळी साच्यात ओतली जातात. कमी दाबाची वेटोळी अनेकदा धातूच्या रुंद पत्र्याची असतात आणि राळ मुरविलेल्या विद्युतरोधक कापडासह भट्टीत भाजून घट्ट केली जातात. दोहोंमध्ये हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली असते. तेलाचे थंडावा देण्याचे काम येथे हवा करते.

बुडबुड्याची भीती

या तंत्राचा खरा कस लागतो तो ओतकामात. साच्यात बसविलेले वेटोळे आधी तापवून त्यातील दमटपणा घालविला जातो. राळ, हार्डनर आणि पूड यांचे मिश्रण निर्वात टाकीत घुसळून त्यातील हवा काढून टाकतात आणि निर्वात अवस्थेतच ते साच्यात सोडतात. त्यानंतर साचा कित्येक तास भट्टीत ठेवून सावकाश निववतात.

एवढा खटाटोप हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून करावा लागतो. राळेत अडकलेल्या चपट्या बुडबुड्यात विजेचा ताण भोवतालच्या राळेच्या जवळपास चौपट होतो. शिवाय हवेची सहनशक्ती राळेपेक्षा कितीतरी कमी, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे ३ हजार व्होल्ट एवढीच असते. परिणामी बुडबुड्याच्या आत सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात. अभियंते याला 'पार्शल डिस्चार्ज' म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही. रोहित्र व्यवस्थित चालू असते. मात्र प्रत्येक ठिणगी राळ थोडी थोडी कुरतडत जाते आणि कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी वेटोळे अचानक निकामी होते. तेलात असा दोष निर्माण झाल्यास नवे तेल त्या जागी वाहत येते. घन राळेत जखम भरून येत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे तडा. तापमान १०० अंशांनी वाढले, तर एक मीटर लांबीची तांब्याची पट्टी सुमारे १.७ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमची २.३ मिलिमीटर वाढते. नुसती इपॉक्सी मात्र ५ ते ६ मिलिमीटर वाढते. धातू आणि राळ यांच्यातील ही ओढाताण रोजच्या तापण्या-निवण्यात राळेला तडे पाडू शकते. गारगोटीची पूड मिसळल्यावर राळेची वाढ जवळपास निम्म्यावर येते आणि ॲल्युमिनियमशी तिचा मेळ बसतो. अशा रोहित्रांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम दिसले की काटकसर केल्याचा संशय घेतला जातो. तो दर वेळी रास्त नसतो, कारण त्या निवडीमागे हेही एक कारण असते.

कारखान्यातील कसोट्या

बुडबुडा डोळ्यांना दिसत नसल्याने चाचण्यांना पर्याय नाही. आयईसी ६००७६-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पार्शल डिस्चार्ज १० पिकोकुलंबपेक्षा अधिक असता कामा नये. याखेरीज तीन प्रकारच्या कसोट्या आहेत. आगीच्या कसोटीत वेटोळ्याखाली अल्कोहोल पेटवून बाजूने उष्णतेचा मारा करतात आणि आग आपोआप विझते का, धूर किती निघतो, हे पाहतात. हवामानाच्या कसोटीत वेटोळे गोठणबिंदूखाली थंड करून त्यातून एकदम दुप्पट वीजप्रवाह सोडतात. तिसरी कसोटी दमट आणि प्रदूषित हवेची असते. या चाचण्यांचे दर्जे एफ१, सी२ आणि ई२ अशा खुणांनी दर्शविले जातात.

कोरडे म्हणजे निर्धोक नव्हे

राळेचे रोहित्र आगीला खतपाणी घालत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण सैल जोडणीची ठिणगी तेथेही पडू शकते आणि त्याच खोलीत रद्दी किंवा रंगाचे डबे ठेवले असतील, तर आग लागण्यास तेलाची गरज उरत नाही.

त्याहून घातक गैरसमज स्पर्शाबाबतचा आहे. गुळगुळीत, जाड कवचामुळे वेटोळे हाताळण्यास सुरक्षित वाटते. तसे ते नाही. वीज चालू असताना राळेच्या पृष्ठभागाला हात लावणे प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच ही रोहित्रे कुलूपबंद जाळीत किंवा पेटीत ठेवावी लागतात.

पाण्याचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईच्या उपनगरांतील अनेक भागांचा वीजपुरवठा सुरक्षेसाठी बंद ठेवावा लागला होता. राळ वेटोळ्याला झाकते; जोडण्यांचे उघडे बोल्ट आणि गाभा यांना नाही. आग टळली म्हणून रोहित्र सखल तळघरात नेले आणि तेथे पाणी भरले, तर एक धोका जाऊन दुसरा येतो.

याची किंमत तेलाच्या रोहित्रापेक्षा अधिक असते. बिघडलेले वेटोळे स्थानिक कारागिराकडून पुन्हा गुंडाळून घेता येत नाही. संपूर्ण वेटोळेच बदलावे लागते. राळ वितळत नसल्याने मोडीत काढल्यावर तिचा पुनर्वापरही अवघड असतो. ऊनपावसात, रस्त्याच्या कडेला आणि अतिउच्च दाबाच्या उपकेंद्रांत तेलाचे रोहित्रच अधिक सोयीचे ठरते. इमारतींच्या आत मात्र निर्णय झालेला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक नियमावलीत निवासी व व्यापारी इमारतींच्या आत केवळ कोरड्या प्रकारची रोहित्रे बसविण्याची अट घालण्यात आली.

रहिवाशांनी काय पाहावे?

- रोहित्राच्या खोलीत अडगळ, सायकली किंवा कागदपत्रे ठेवू देऊ नयेत.
- खोलीच्या झरोक्यांसमोर भिंत वा पत्रे उभारू नयेत. हवा कोंडल्यास रोहित्राचे आयुष्य घटते.
- दार कुलूपबंद असावे आणि किल्ली अधिकृत व्यक्तीकडेच असावी.
- धूळ काढणे आणि जोडण्या तपासणे ही कामे वीज पूर्ण बंद करून परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत.
- खोलीत पाणी शिरले असल्यास ते ओसरताच वीज सुरू करण्याचा आग्रह धरू नये. आधी रोहित्र वाळवून त्याची तपासणी होणे आवश्यक आहे.
- नव्या इमारतीचा ताबा घेताना रोहित्राचा चाचणी अहवाल मागावा. त्यात पार्शल डिस्चार्जचा आकडा नमूद असतो.