एमएससाठी मानेच्या शिरांवर बलून: खर्च करण्याआधी हे वाचा

‘डॉक्टर, मानेच्या शिरा मोकळ्या केल्या की एमएस बरा होतो म्हणे!’ मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत असं विचारतात.

मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरा अरुंद असल्याने एमएस होतो, त्या बलूनने रुंद कराव्यात, ही कल्पना २००९ मध्ये इटलीच्या डॉ. पाओलो झांबोनी यांनी मांडली. त्यासाठी कॅनडाचे रुग्ण भारतातही येऊन गेले. पुढे अशा शिरा निरोगी लोकांतही जवळपास तितक्याच आढळल्या. २०१७ मध्ये खुद्द झांबोनींच्या चाचणीत काहींच्या शिरेत नळी घातली, पण बलून फुगवलाच नाही. बलून फुगवलेल्यांना त्यांच्याहून जास्त फायदा झाला नाही.

मग व्हिडिओतल्या रुग्णाला बरं कसं वाटलं? एमएसचा झटका बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. श्रेय नुकत्याच केलेल्या उपचाराला मिळतं.

धोके मात्र खरे आहेत. मृत्यू, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, शिरेतला स्टेंट सरकणे याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्येच इशारा दिला. मला याहून जास्त भीती वाटते ती चालू औषध बंद करण्याची. नव्या झटक्यात गेलेली ताकद दरवेळी पूर्ण परत येत नाही.

कुणी ‘संशोधन’ म्हणून उपचार देत असेल, तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. प्रयोगाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. लाखोंचं पॅकेज सांगितलं, तर तिथेच थांबा. शेत गहाण ठेवण्याआधी जालन्याहून तासा-दीड तासावर छत्रपती संभाजीनगरला न्यूरोलॉजिस्टना भेटा. जाताना एमआरआयची सीडी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या.