नऊ नंबरलाही कव्हर हवं

जुलै २०२५ मध्ये जेद्दाहला कार्लो बियाडोने फेदोर गोर्स्टला १५-१३ असं हरवलं आणि नाइन-बॉल पूलचं जागतिक अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळवलं. स्पर्धेचं एकूण बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातले अडीच लाख एकट्या बियाडोचे. अठ्ठावीस रॅक, म्हणजे डाव, खेळून झाल्यावर दोघांमधलं अंतर होतं अवघ्या दोन रॅकचं. इतक्या चुरशीच्या सामन्यात एखादा नऊ नंबर कुणी न मारता, कुणाच्या मनात नसताना, इकडेतिकडे आपटून पॉकेटमध्ये घरंगळला तर? तर रॅक ज्याची पाळी असेल त्याचा. ‘नियमात बसतं ना, मग झालं’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर मला कधीच पटलेलं नाही.

नाइन-बॉल सुधारण्याचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. पण आयोजकांची बरीचशी अक्कल दोनच जागी खर्च होते, ब्रेकवर आणि पॉकेटवर. ब्रेकचा इलाज बऱ्यापैकी लागू पडलाय. पॉकेटच्या इलाजाने मात्र माझ्या मते दुखणं वाढवलं आहे.

आधी ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा पहिला टोला. नऊ चेंडू हिऱ्याच्या आकारात लावलेले, एक नंबर टोकाला, नऊ नंबर मधोमध. चेंडू एकमेकांना घट्ट चिकटलेले असले की कडेचा चेंडू, ज्याला खेळाडू विंग बॉल म्हणतात, जवळजवळ ठरलेल्या वाटेने कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जातो. हे ज्यांच्या लवकर लक्षात आलं त्यांनी चांदी करून घेतली. २००१ च्या यूएस ओपनमध्ये कोरी ड्यूअल जोरदार ब्रेक मारतच नव्हता. हलकेच टोला, कडेचा चेंडू आत, बाकीचे सोयीच्या जागी थांबलेले, मग टेबल साफ. अंतिम सामन्यात त्याने मिका इमोनेनला ११-० असं घालवलं. इमोनेन काही ऐरागैरा नव्हता, त्याच वर्षीचा जगज्जेता होता.

पुढे टेम्प्लेट रॅक आला. छिद्रं पाडलेला पातळ प्लास्टिकचा कागद टेबलावर ठेवायचा आणि त्यावर चेंडू बसवायचे. लाकडी साच्याने लावताना कुठेतरी केसभर फट राहायची, ती गेली. रॅक कुणी कसा लावला यावरची भांडणं मिटली हे खरं, पण फटीबरोबर अनिश्चितताही गेली. मग नियमवाल्यांनी उलटा डाव टाकला. एक नंबरऐवजी नऊ नंबर खुणेच्या ठिपक्यावर ठेवायचा. याने सगळा रॅक ब्रेक मारणाऱ्याच्या दिशेने सुमारे दहा सेंटीमीटर पुढे सरकतो आणि विंग बॉलची वाट पॉकेट चुकवते. खेळाडूंनी काय केलं? एक नंबर तिरका कापून मधल्या पॉकेटमध्ये घालायला सुरुवात केली. मग पांढरी, म्हणजे क्यूने मारायचा चेंडू, कुठून मारायची याची चौकट आखून दिली. हळू मारायला लागले, तेव्हा किमान तीन चेंडू एकतर पॉकेटमध्ये गेले पाहिजेत किंवा टेबलाच्या वरच्या रेषेपलीकडे आले पाहिजेत, अशी अट घातली. चोर-पोलिसांचा हा खेळ अजून चालू आहे, पण आज ब्रेक पुन्हा बऱ्यापैकी कठीण झालाय, हे मान्य करायला हवं.

ब्रेकच्या जोरावर एकच माणूस किती वेळ टेबल अडवू शकतो, याचा सर्वांत गमतीदार दाखला १९९६ चा. डॅलसच्या एका स्पर्धेत आयोजकांनी जाहीर केलं, सलग दहा रॅक साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर. अशा पैजेचा विमा उतरवलेला असतो, कारण ते होणार नाही अशी सगळ्यांचीच खात्री असते. अर्ल स्ट्रिकलंडने स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी सलग अकरा साफ केले! प्रकरण विमा कंपनीशी वादात गेलं आणि शेवटी तडजोडीवर मिटलं. समोरचा खेळाडू तेवढा वेळ खुर्चीवर बसून होता, त्याची आठवण कुणी काढत नाही.

हे दुखणं पूलचं एकट्याचं नाही. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये १९०७ साली टॉम रीसने दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकवून ठेवले आणि त्यांनाच पुन्हा पुन्हा टोले देत ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक (इथे ब्रेक म्हणजे एकाच पाळीतली सलग खेळी) केला. काही आठवडे चाललेला एकच ब्रेक. त्या युक्तीवर बंदी आली. १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने ४,१३७ केले, तेव्हा ठरावीक गुणांमागे एकदा पांढरी बॉल्क रेषेपलीकडे नेण्याची सक्ती झाली. नियम बदलला म्हणून खेळ बाटतो, असं म्हणणाऱ्यांनी स्नूकरचा जन्मही आठवावा. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने चालू खेळात आणखी रंगीत चेंडू घातले आणि स्नूकर झालं. पावसाळ्यात कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी केलेली नियमातली लुडबुडच ती.

आता पॉकेट. पूलचा चेंडू सव्वादोन इंचांचा. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच धरलं, तर दोन चेंडू शेजारी-शेजारी बरोबर मावतात. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत हे तोंड आता चार इंचांच्या आसपास आलंय. कारण उघड आहे. खेळाडू फार चांगले झाले, टेबलं फार सोपी वाटायला लागली, मग करा भोकं लहान.

इथे एका माणसाची ओळख करून द्यायलाच हवी. डेव्हिड अल्सियाटोरे हे अमेरिकेत कोलोराडो स्टेट विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. पूलच्या जगात त्यांना डॉ. डेव्ह म्हणतात. हा गृहस्थ वेगवान कॅमेरा लावून क्यूचं टोक चेंडूला कसं भिडतं ते चित्रित करतो, गणित मांडतो, आणि पार्लरमधल्या उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या समजुती एकेक करून निकालात काढतो. टोक आणि चेंडू यांची गाठभेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती असते. म्हणजे ‘फटक्यानंतर क्यू असा वळव म्हणजे चेंडूला जास्त फिरकी बसते’ हे ज्ञान फोल. क्यू वळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. फिरकी देताना पांढरी नेमाच्या रेषेतून किंचित बाजूला सरकते. ते सरकणं क्यूच्या पुढच्या टोकाशी किती वजन आहे यावर ठरतं. हे कळलं म्हणून पुढचा भाग हलका करण्याची शर्यत लागली आणि आज निम्मी मंडळी काळ्या कार्बन फायबरच्या क्यू घेऊन फिरताना दिसतात. चेंडूंचं गणित मांडणाऱ्या या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस. वादळांच्या फिरण्याशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तोच. त्याने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला होता.

पॉकेटच्या बाबतीत डॉ. डेव्ह जे दाखवतात ते नियम करणाऱ्यांनी भिंतीवर टांगावं. पॉकेटची रुंदी ही फुटपट्टीने मोजायची एकच संख्या नसते. चेंडू कुठल्या कोनातून येतो आणि किती वेगाने येतो, त्यावर त्याला मिळणारी खरी जागा कमी-जास्त होते. हळू आलेला चेंडू कडेला घासून आत घरंगळतो. तोच चेंडू तसाच घासून जोरात आला तर जबड्यात खडखडून बाहेर पडतो. यावरून पुढचा निष्कर्ष माझा आहे, त्यांच्या माथी मारत नाही. पॉकेट अरुंद केलं की सर्वांत जास्त शिक्षा होते ती जोरकस, धाडसी फटक्याला. कडेला चिकटलेला चेंडू वेगाने मारून पांढरी अख्ख्या टेबलाचा फेरा मारून आणायची, हा पूलचा सर्वांत देखणा क्षण. अरुंद पॉकेटवर शहाणा खेळाडू तो फटका टाळतो. तो हळू मारतो किंवा पांढरी लपवून सेफ्टी खेळतो. मग खेळ रेंगाळला म्हणून शॉट क्लॉक आणा. मस्कोनी कप या पूलच्या स्पर्धेत एका फटक्याला तीस सेकंद मिळतात आणि ते घड्याळ मला आवडतं, पण अरुंद पॉकेटने घालवलेली हिंमत घड्याळ परत आणत नाही.

पॉकेट अरुंद करण्यापेक्षा चेंडू पुसा. गंमत नाही. दोन चेंडू भिडतात त्या नेमक्या बिंदूवर खडूचा कण असला तर घर्षण वाढतं आणि अचूक मारलेला चेंडूही वाट सोडतो. कौशल्याचा काही संबंध नसलेली ही चूक सामन्याचा निकाल फिरवू शकते आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे एक स्वच्छ फडकं. साहित्यातले चांगले बदल असेच साधे असतात. पांढरीवर सहा लाल ठिपके उमटवले, तेव्हा तिची फिरकी घरबसल्या दिसायला लागली. टीव्हीसाठी चार नंबर जांभळ्याचा गुलाबी केला आणि सात नंबर फिकट तपकिरी केला, कारण पडद्यावर गडद रंग एकमेकांत मिसळत होते. खेळाला धक्का न लावता प्रेक्षक जोडले गेले.

जंप क्यूबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. किमान चाळीस इंचांची ही आखूड, हलकी क्यू घ्यायची आणि मधला चेंडू ओलांडून पांढरी उडवायची. टाळ्या पडतात. पण प्रतिस्पर्ध्याने डोकं लढवून पांढरी लपवली, त्या मेहनतीचं काय? १९९५ मध्ये रेनोला एफ्रेन रेयेस असाच अडकला होता, समोर स्ट्रिकलंड. रेयेसने पांढरी दोन कुशनांवरून इंग्रजी झेडसारखी वळवून पाच नंबर पॉकेटमध्ये घातला. तो फटका आज तीस वर्षांनीही लोक पुन्हा पुन्हा बघतात. हातात जंप क्यू असती तर कदाचित तो जन्मालाच आला नसता. साध्या क्यूने उडवता येत असेल तर खुशाल उडवा. वेगळं हत्यार नको.

आणि आता मूळ मुद्दा. नाइन-बॉलमध्ये सर्वांत कमी नंबरच्या चेंडूला आधी स्पर्श झाला की पुढे नऊ नंबर कसाही पडो, डाव खलास. यावर टेन-बॉलने उत्तर काढलं आहे. तिथे चेंडू आणि पॉकेट आधी सांगायचं, आणि ब्रेकवर दहा पडला तरी तो परत टेबलावर येतो. न्याय्य आहे, पण थोडं कोरडं. दर फटक्याला बोट दाखवायचं म्हणजे खेळाला सरकारी कार्यालयाची कळा येते. शिवाय नऊ नंबर अचानक पडण्यातली नाट्यमयता टीव्हीवाल्यांना हवीच असते, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

उत्तर आपल्या घरात आहे. कॅरममध्ये राणी घेतली म्हणजे ती तुमची झाली असं नाही, लगेच स्वतःची सोंगटी घालून कव्हर द्यावं लागतं. जमलं नाही तर राणी परत मधोमध. नऊ नंबरला हाच नियम लावा. कॉम्बिनेशनने, म्हणजे दुसऱ्या चेंडूच्या धक्क्याने म्हणा, नशिबाने म्हणा, ब्रेकवर म्हणा, नऊ वेळेआधी पडला तर त्याच खेळाडूने पुढच्याच फटक्याला टेबलावरचा सर्वांत कमी नंबर घालावा. घातला तर रॅक त्याचा. चुकला तर नऊ परत ठिपक्यावर आणि पाळी समोरच्याची. नऊ शेवटचाच उरला असेल तर अर्थातच कव्हर लागत नाही.

याने कॉम्बिनेशन मारणाऱ्याची हिंमत शाबूत राहते, उलट पांढरी पुढच्या चेंडूवर आणून ठेवण्याचं कसबही त्याला दाखवावं लागतं. फुकटचा नऊ पडलेल्याला मात्र पांढरी जिथे थांबली असेल तिथून कबुलीजबाब द्यावा लागतो. प्रेक्षकांना एकाऐवजी दोन उत्कंठेचे क्षण मिळतात. कॅरमकडून आणखी एक गोष्ट घ्यावी, ब्रेक पाळीपाळीने. जिंकणाऱ्यानेच पुढचा ब्रेक घ्यायचा या पद्धतीत स्ट्रिकलंडसारखे पराक्रम घडतात, कबूल, पण दोघांच्या सामन्यात दोघांनी खेळावं ही अपेक्षा फार मोठी नाही.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये नाइन-बॉलपेक्षा एट-बॉल जास्त चालतो आणि तिथे प्रश्न नियम सुधारण्याचा नसून नियम असण्याचा आहे. एका ठिकाणी फाउल झाला की पांढरी हवी तिथे, दुसरीकडे रेषेमागूनच, तिसरीकडे दोन चान्स. काळा कुठल्या पॉकेटमध्ये घालायचा यावर तर मैत्र्या तुटतात. विल्सन जोन्स आणि पंकज अडवाणी हे बिलियर्ड्सचे दोन जगज्जेते ज्या पुण्यात जन्मले, त्या शहरातही याहून वेगळं चित्र नाही. त्यात मुंबई-कोकणपट्टीचा पावसाळा. दमट हवेत कापड जड होतं, कुशन मंदावतं, आणि जूनमध्ये शिकलेला वेग डिसेंबरमध्ये कामाचा राहत नाही. मोठ्या स्नूकर स्पर्धांच्या टेबलांत स्लेटखाली हीटर असतात ते याचसाठी. ते आपल्या पार्लरला परवडणार नाहीत, हे मी समजू शकतो.

पण पार्लरच्या मालकांनो, एट-बॉलचे आंतरराष्ट्रीय नियम मराठीत छापून भिंतीवर लावायला आणि आठवड्यातून एकदा चेंडू साबणाच्या पाण्याने धुवायला किती खर्च येतो? आणि वाचकहो, पुढच्या वेळी नाइन-बॉल लावाल तेव्हा कव्हरचा नियम ठरवून संध्याकाळभर खेळून बघा. त्यात खोट सापडली तर मला जरूर कळवा.