गिटारवर श्रुती कशा वाजतात? पडद्यांचे बंधन आणि त्यावरचे उपाय

नंजनगूड (म्हैसूर) : नंजनगूडवरून वाहणारी कपिला नदी पुढे तिरुमकुडलु नरसीपूर येथे कावेरीला मिळते. या संगमक्षेत्री 1895 मध्ये जन्मलेले विख्यात व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या. ध्वनिवर्धक सर्वत्र नसलेल्या त्या काळात मोठ्या सभेतील शेवटच्या श्रोत्यापर्यंत वाद्याचा आवाज पोहोचावा, हा त्यामागील हेतू होता. परदेशी वाद्याला भारतीय संगीताच्या गरजेनुसार घडविण्याचे हे ठळक उदाहरण होय. गिटारला मात्र हीच वाट अधिक बिकट ठरली, कारण तिची अडचण आवाजापेक्षा स्वरस्थानांची आहे.

व्हायोलिनच्या दांडीवर पडदे नसतात. वादकाचे बोट जेथे टेकेल तेथे स्वर उमटतो. त्यामुळेच सुमारे 200 वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेले हे वाद्य कर्नाटक संगीतात सहज रुळले. गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे कायमचे ठोकलेले असतात आणि ते सप्तकाचे 12 समान भाग करतात. स्वरांतर मोजण्याच्या ‘सेंट’ या एककात संपूर्ण सप्तक 1200 सेंटचे, तर प्रत्येक भाग 100 सेंटचा असतो.

भारतीय कानाला हे विभाजन खटकते. तंबोऱ्याच्या षड्जाशी तंतोतंत जुळणारा शुद्ध गंधार सुमारे 386 सेंटवर येतो, तर गिटारचा पडदा तो 400 सेंटवर देतो. हा 14 सेंटचा फरक जलद गतीत लपतो; संथ आलापात तो स्पष्ट ऐकू येतो. शिवाय अनेक रागांत स्वर एका जागी स्थिर राहत नाही. दरबारी कानड्याचा कोमल गंधार आंदोलित असतो; त्याचे रूप त्याच्या हालचालीतच प्रकट होते.

या प्रश्नावरील पहिला मार्ग म्हणजे अधिक स्वरस्थाने निर्माण करणे. महाराष्ट्राला तो परिचित आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये 22 श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुती हार्मोनियम घडविण्याचा प्रयत्न केला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. गिटारच्या क्षेत्रात तुर्कस्तानचे तोल्गाहान चोउलू यांनी 2008 मध्ये असेच पाऊल उचलले. त्यांच्या गिटारवर प्रत्येक तारेखालचा पडदा स्वतंत्रपणे मागेपुढे सरकविता येतो. स्वर हव्या त्या ठिकाणी बसविता येतात, मात्र वादनापूर्वी ती मांडणी ठरवून घ्यावी लागते.

दुसरा मार्ग पडद्यांना वगळण्याचा आहे. तुर्कस्तानचेच एर्कान ओउर यांनी 1970च्या दशकात पडद्यांविना गिटार तयार केली. भारतात ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन पद्धतीची गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची कांडी सरकवीत रागसंगीत सादर केले. विश्वमोहन भट्ट यांनी अशा गिटारला तरफांच्या तारा जोडून ‘मोहनवीणा’ घडविली. राय कूडर यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाला 1994 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. देबाशीष भट्टाचार्य यांची ‘चतुरंगी’ही याच परंपरेतील. कांडीमुळे मींड अखंड राहते. मात्र प्रत्येक तारेवर वेगवेगळ्या ठिकाणी बोटे ठेवून वाजविली जाणारी पाश्चात्त्य स्वरसंगती कठीण होते.

तिसरा मार्ग पडदे राखून तारेला मोकळीक देण्याचा आहे. 1970च्या दशकात ‘शक्ती’ या वाद्यवृंदासाठी जॉन मॅकलॉफ्लिन यांनी अशी गिटार बनवून घेतली, जिच्या दांडीवर पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते. त्यामुळे बोट लाकडाला न अडखळता तार खेचू शकते. तार खेचली की स्वर चढतो. म्हणून उतरती मींड घेण्यासाठी ती आधी खेचून मग सैल सोडावी लागते. या वाद्यावर बोटाचा दाब किंचित वाढला तरी स्वर चढा लागतो, त्यामुळे दीर्घ रियाज अपरिहार्य ठरतो.

ही कल्पना म्हैसूरच्या वीणावादकांना नवी नाही. सरस्वती वीणेचे 24 पडदे मेणाच्या थरात बसविलेले असतात. ते उखडून पुन्हा अचूक जागी लावता येतात आणि गमकासाठी तार पडद्यावर खेचली जाते. स्वरस्थान दुरुस्त करण्याची सोय आणि स्वर हलविण्याची मुभा, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वाद्यात एकत्र नांदतात.

भारतीय संगीतात ठोकळेबंद स्वरांच्या वाद्याला किती विरोध होऊ शकतो, हे हार्मोनियमने अनुभवले आहे. ‘ऑल इंडिया रेडिओ’ने 1940 मध्ये तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. गिटारवादकांपुढील निवड म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. पडदे सरकविले तर स्वर अचूक लागतो, कांडी घेतली तर तो वाहता राहतो आणि दांडी कोरली तर दोन्ही साधण्याचा भार बोटांवर येतो. प्रत्येक मार्गात काही मिळते आणि काही सोडावे लागते. काय सोडायचे, हे वादकाला कोणते संगीत गाठायचे आहे त्यावर ठरते.