उष्णकटिबंधीय रोग कार्यालय, लंडन

उष्ण कटिबंधातील रोगांवर निरनिराळ्या देशांत होणाऱ्या संशोधनाची माहिती गोळा करून तिचे सार वसाहतींतील वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत पोचविणारी ब्रिटिश संस्था. १९०८ मध्ये ‘स्लीपिंग सिकनेस ब्यूरो’ म्हणजे निद्रारोग कार्यालय या नावाने तिची स्थापना झाली. १९१२ मध्ये तिला ‘ट्रॉपिकल डिसीझेस ब्यूरो’ असे व्यापक नाव मिळाले. या संस्थेची स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. संशोधनाच्या वार्तेचे संकलन हेच तिचे कार्य होते आणि तिचा खर्च मुख्यतः सरकारी वर्गण्यांतून भागविला जाई.

पार्श्वभूमी : युरोपीय राज्यकर्त्यांना व व्यापाऱ्यांना उष्ण प्रदेशांत हिवताप व पीतज्वर या रोगांचा मोठा अडसर होता. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलिन व डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्या प्रयत्नांनी १८९९ मध्ये लंडन येथे उष्णकटिबंधीय वैद्यकाचे विद्यालय निघाले. त्याच वर्षी लिव्हरपूल येथील विद्यालयही सुरू झाले. त्यासाठी आल्फ्रेड जोन्स या जहाज-व्यावसायिकाने वार्षिक ३५० पौंडांची देणगी देऊ केली होती. १९०० च्या सुमारास युगांडात, विशेषतः व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर, निद्रारोगाची भयंकर साथ पसरली. पुढील वीस वर्षांत तीत सुमारे अडीच लाख लोक मरण पावले, असा अंदाज आहे. रॉयल सोसायटीने १९०२ मध्ये तेथे एक आयोग धाडला. आल्दो कास्तेल्लानी यांना रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ट्रिपॅनोसोमा हे प्रजीव आढळले आणि १९०३ मध्ये डेव्हिड ब्रूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्से-त्से माशी हा रोग पसरविते, हे दाखवून दिले.

रोग ब्रिटिश, जर्मन, फ्रेंच, बेल्जियन व पोर्तुगीज अशा सर्वांच्या ताब्यातील प्रदेशांत पसरत असल्याने १९०७ व १९०८ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. सर्व राष्ट्रांसाठी एक मध्यवर्ती कार्यालय असावे, अशी सूचना तेथे पुढे आली. परंतु त्याविषयी एकमत होऊ शकले नाही. तेव्हा ब्रिटिश सरकारने आपल्यापुरते कार्यालय स्थापन केले. साम्राज्यांमधील स्पर्धा रोगनिवारणाच्या कामीही सुटली नाही, याचे हे एक उदाहरण होय.

कारभार : कार्यालयाची देखरेख वसाहत खात्याच्या अखत्यारीतील एका मानद व्यवस्थापक समितीकडे होती. सीलोनचे माजी गव्हर्नर सर वेस्ट रिजवे हे तिचे अध्यक्ष होते. युगांडाच्या वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉ. आर्थर बॅगशॉ संचालक झाले आणि १९३५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर हॅरल्ड स्कॉट हे संचालक झाले. निद्रारोगासंबंधी सर्व ठिकाणांहून माहिती मिळविणे, ती पडताळून संक्षिप्त करणे, अवश्य तेथे तिचे भाषांतर करणे व ती त्वरेने वाटणे, ही कार्यालयाची कामे ठरली. त्याचे प्रकाशन दोन प्रकारचे असावयाचे होते : संशोधक व वैद्य यांच्यासाठी शास्त्रीय स्वरूपाचे आणि प्रशासक, मिशनरी व प्रवासी यांच्यासाठी सुबोध स्वरूपाचे. रोग व माशी यांचा आफ्रिकेतील प्रसार दाखविणारे नकाशे तयार करणे, हेही एक काम होते.

ऑक्टोबर १९०८ पासून ‘स्लीपिंग सिकनेस बुलेटिन’ हे नियतकालिक निघू लागले. त्याची उपयुक्तता एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. त्से-त्से माशी केवळ दूषित सोंडेद्वारे रोग पोचविते, असा आरंभी समज होता. १९०९ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेत फ्रीड्रिख क्लाइन यांनी असे दाखविले की, माशीच्या शरीरात प्रजीवाची वाढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात व त्यानंतर ती संसर्गक्षम होते. एकदा दूषित झालेली माशी दीर्घकाळ धोकादायक राहते, हे यामुळे कळले व प्रतिबंधाची सारी गणिते बदलली. दूरच्या ठाण्यावर एकट्याने काम करणाऱ्या इंग्रज वैद्याच्या हाती जर्मन वा फ्रेंच नियतकालिके सहसा पडत नसत. त्यांतील असे निष्कर्ष थोडक्या शब्दांत व इंग्रजीत मिळणे हे त्याच्या दृष्टीने मोलाचे होते.

१९११–१२ मध्ये कार्यालयाने काळा आजारासंबंधीही एक नियतकालिक काढले. नामांतरानंतर १९१२ पासून ‘ट्रॉपिकल डिसीझेस बुलेटिन’ प्रसिद्ध होऊ लागले. त्यात हिवताप, प्लेग, पटकी, कुष्ठरोग, कृमिरोग इ. विषयांचे स्वतंत्र विभाग तज्ञांकडे सोपविलेले असत. पशुरोगांसाठी वेगळे नियतकालिक होते.

खर्चाची व्यवस्था : आरंभीचा खर्च ब्रिटिश कोषागार व सूदान सरकार यांनी मिळून उचलला. रॉयल सोसायटीने बर्लिंग्टन हाउसमधील आपल्या वास्तूत जागा दिली. १९१२ नंतर कार्यालय इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि स्वयंशासित वसाहती, हिंदुस्थान व इतर अंकित प्रदेश यांच्या वार्षिक वर्गण्या त्याला मिळू लागल्या. प्रयोगशाळा नसल्याने खर्च बेताचा राही व तो अनेकांत विभागला जाई. म्हणूनच ही पद्धत टिकली. कीटकशास्त्रासाठी १९१३ मध्ये निघालेल्या साम्राज्य-कार्यालयाची रचनाही अशाच स्वरूपाची होती. मात्र वर्गणी दरसाल मंजूर व्हावी लागत असल्याने दूरवरच्या योजना आखणे कठीण जाई.

याउलट हेन्री वेलकम यांनी १९१३ मध्ये लंडन येथे स्थापन केलेली ‘वेलकम ब्यूरो ऑफ सायंटिफिक रिसर्च’ ही संस्था त्यांच्या औषधव्यवसायाच्या उत्पन्नावर चाले. तिला प्रयोगशाळा होत्या आणि अँड्र्यू बाल्फोर तिचे प्रमुख होते. एका धन्याच्या इच्छेवर अवलंबून असणे ही तिची मर्यादा, तर अनेक सरकारांच्या मंजुरीवर अवलंबून असणे ही पहिलीची मर्यादा होती.

भारताशी संबंध : हिंदुस्थान सरकार वर्गणीदार असले, तरी येथील संशोधनाचा मुख्य आधार वेगळा होता. १९११ मध्ये स्थापन झालेला ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ हा निधी प्रत्यक्ष संशोधनास साहाय्य करी. त्यातूनच १९४९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद अस्तित्वात आली. मुंबईत परळ येथील प्रयोगशाळेत (१९२५ पासून हाफकिन संस्था) उंदरांवरील पिसवांद्वारे प्लेग पसरतो, याविषयी महत्त्वाचे संशोधन झाले होते. वसाहतींत घडलेले असे संशोधन लंडनमध्ये सारांशरूपाने एकत्र होई आणि तेथून इतर वसाहतींकडे जाई.

उत्तरकाल : १९२० मध्ये कार्यालय लंडनच्या विद्यालयाशेजारी आले. पुढे सार्वजनिक आरोग्याचा विषयही त्याच्या कक्षेत आला व १९२६ पासून त्याविषयीचे दुसरे नियतकालिक निघू लागले. वसाहती स्वतंत्र झाल्यावर वर्गणीचा मूळ पाया उरला नाही. अखेरीस १९९३ मध्ये त्याची सारसंकलने ‘सीएबी इंटरनॅशनल’ या संस्थेकडे गेली.

मूल्यमापन : विखुरलेले ज्ञान नियमितपणे एकत्र आणून ते गरजूंस उपलब्ध करण्याचा शिस्तशीर प्रयत्न म्हणून या कार्यालयाचे महत्त्व मोठे आहे. तथापि ज्यांच्या आजाराची ही माहिती होती, त्यांना कारभारात स्थान नव्हते. वसाहतींच्या वर्गण्या तेथील महसुलातूनच दिल्या जात. युगांडात १९०० च्या करारान्वये दर झोपडीमागे ३ रुपये कर बसला होता. तेथे त्या वेळी भारतीय रुपयाच चालत असे. गव्हर्नर हेस्केथ बेल यांच्या आज्ञेने सरोवराकाठचा सुमारे दोन मैलांचा पट्टा निर्मनुष्य करण्यात आला आणि १९०९ पर्यंत सेसे बेटांवरील लोकांनाही हलविण्यात आले. माशीपासून बचाव झाला, पण किनाऱ्यावरील लोकांची मासेमारी व केळीच्या बागा गेल्या. संशोधन-सारात ही गोष्ट रोगप्रतिबंधाचा एक उपाय म्हणून येई. विस्थापितांची बाजू मांडण्याची सोय त्या रचनेत नव्हती. माहिती कोणासाठी गोळा करावयाची, हे बहुतांशी ती गोळा करण्यासाठी पैसा देणारे ठरवितात, हे या कार्यालयाच्या इतिहासावरून दिसून येते.