विजेची वाट (भाग ६) : गाडी दुपारी लावा

मागच्या आठवड्यात आपण उपकेंद्रातून फीडरवर आणि फीडरवरून चौकातल्या डीपीपर्यंत आलो. आज त्या डीपीपाशीच थांबू. वडशात इलेक्ट्रिक स्कूटर वाढल्या की पहिला ताण तिच्यावर येणार. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला आपल्या स्कूटर जाणवणारही नाहीत, पण गल्लीतल्या १०० केव्हीएच्या डीपीला जाणवतील.

स्कूटरचा घरचा चार्जर साधारण ७५० वॅट ओढतो, पाच एचपीच्या मोटारपंपाचा पाचवा हिस्सा. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते सगळ्यांनी एकाच वेळी लावल्याने. सगळ्या घरांतली सगळी उपकरणं एकदम चालत नाहीत, हे धरूनच डीपी बसवलेली असते. स्कूटर हा हिशेब मोडते. दुकान, बँक, शाळा, कचेरीतून माणसं संध्याकाळी घरी येतात, गाडी पडवीत घेतात आणि लगेच पिन खोचतात. एका डीपीवर वीस स्कूटर असल्या, तर कुलर-पंखे-टीव्ही चालू असतानाच १५ किलोवॅट भार वर चढतो.

त्यातून हे सगळं सिंगल फेजवर. वीसपैकी बारा गाड्या एकाच फेजवर आल्या की ती दबते आणि तिच्यावरचे कुलर रेंगाळतात. ज्यांच्या घरी चेंजओव्हर आहे ते खटका फिरवून दुसऱ्या फेजवर जातात, मग ती दबते. उन्हाळ्यात हे आपण दरवर्षी पाहतो. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते, म्हणून आधीच भरलेल्या लाइनवर थोडा वाढीव भारही फ्यूज उडवतो. डीपीतलं तेल भार उतरल्यावर, रात्री निवतं. मे महिन्यात ब्रह्मपुरी-वडशाकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, रात्रीही हवा तापलेली असते. निवण्याचे तेवढे तासही चार्जिंगने खाल्ले तर आतलं इन्सुलेशन लवकर खराब होतं.

‘रात्री सगळे झोपल्यावर लावा’ हा सल्ला नेहमी ऐकू येतो. नॉर्वेत तो शोभतो. तिथे २०२४ साली विकलेल्या नव्या कारपैकी दहात जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, पण त्यांची वीज बहुतेक पाण्यावरची, हवी तेव्हा करता येणारी. आपली रात्रीची वीज मुख्यतः कोळशाची आणि दुपारी मात्र सौर वीज मुबलक. दरही तसेच बदलले. पूर्वी उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ सवलत असे. १ जुलै २०२५ पासूनच्या दरांत सवलतीची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५ झाली, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही त्या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट जाहीर झाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वडशात गाडी दिवसा चार्ज व्हावी. रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरला सव्वा-दीड युनिट लागतं, म्हणजे जेमतेम दोन तास. दुपारी जेवायला घरी येणाऱ्यांना हे सहज जमेल. इतरांसाठी रेल्वे स्टेशनचं पार्किंग, नगरपरिषद, कॉलेज, राइस मिल अशा गाडी उभी राहते त्या जागी सॉकेट हवेत. १५ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि मीटर एवढ्याने भागतं. त्यासाठी महागड्या फास्ट चार्जरची वाट पाहायला नको.

या गावातल्या एका धंद्याचं वेळापत्रक तर आधीच जुळलेलं आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या वडशातून प्रयोगाला निघतात, रात्र गावोगावच्या मंडपांत जाते, कलावंत दिवसा झोपतात आणि गाड्या उभ्या असतात. त्या इलेक्ट्रिक झाल्या तर डीपीला त्यांचा त्रास होणार नाही. सरकारी अनुदानासाठी मला हा धंदा फार योग्य वाटतो.

ई-रिक्षांची अडचण खरी आहे. लेड-ॲसिड बॅटरीला आठ-दहा तास लागतात, तेव्हा रात्र सुटत नाही. त्यांनी निदान सातऐवजी अकराला लावावं. कारवाल्यांनी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. तो एकटाच दहा स्कूटरांइतका आहे.

मेच्या दुपारी बॅटरी तापणार नाही का, असं तुम्ही विचाराल. तापते. उन्हातून आणलेली गाडी तासभर सावलीत उभी करा, मगच पिन लावा. एप्रिल-मेमध्ये सकाळी ९ ते ११ ही वेळ धरा. उष्णतेने बॅटरीचं आतून काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.